मानसिक आजार आणि आपली संस्कृती : नाव बदलले की दार बदलते

मानसिक आजार सर्व समाजांत आढळतात. मात्र त्या आजाराला काय म्हणायचे, दोष कोणाला द्यायचा आणि रुग्णाला कुठे न्यायचे, हे त्या त्या समाजाची संस्कृती ठरवते. तापाने फणफणलेल्या माणसाला आपण दवाखान्यात नेतो. एकटाच बडबडणाऱ्या, रात्र-रात्र न झोपणाऱ्या माणसाला मात्र ‘बाहेरचं’ झालंय म्हणून देवऋषीकडे नेले जाते. दोन्ही आजारच आहेत. आपण त्यांना दिलेली नावे वेगळी आहेत.

नावाचा परिणाम

जपानमध्ये स्किझोफ्रेनियाला ‘मन दुभंगण्याचा आजार’ अशा अर्थाचे नाव होते. त्या नावाची धास्ती एवढी, की डॉक्टरही रुग्णाला निदान सांगायला कचरत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने मागणी लावून धरली आणि 2002 साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नाव बदलले. पुढच्या काही वर्षांत निदान मोकळेपणाने सांगण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले.

आपल्याकडे ‘वेडा’, ‘येडपट’, ‘मेंटल’ हे शब्द शिवीसारखे वापरले जातात. भूतबाधा, करणी, मागच्या जन्मीचे पाप ही कारणे सांगितली जातात. नैराश्याला तर आजारच मानत नाहीत. ‘नाटकं करतोय’ म्हणून मोकळे होतात. मुलीचे लग्न जमणार नाही या भीतीने घरचेच आजार लपवतात. निम्हान्सने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आजाराच्या प्रकारानुसार 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचे दिसले. डॉक्टरांची कमतरता हे त्याचे एक कारण आहे, लाज हे दुसरे.

साखळीपासून कायद्यापर्यंत

तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने बरे होतील म्हणून आणलेले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधून ठेवले जात. 6 ऑगस्ट 2001 रोजी तेथील एका खासगी निवाऱ्याला आग लागली. बांधलेल्यांना पळता आले नाही. 28 जणांचा जीव गेला.

महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली. जात, धर्म असा भेद न करता उपचार मिळण्याचा हक्क दिला. समाजाच्या रूढ नैतिक-धार्मिक कल्पना न मानणाऱ्याला केवळ त्यामुळे मनोरुग्ण ठरवता येणार नाही, हेही हा कायदा सांगतो. कार्यकर्त्यांनी हे कलम जरूर वाचावे.

आपल्या घरात काय?

22 प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या काही घरांतही संकट आले की अंगारा-धुपारा सुरू होतो. दुसरीकडे चळवळीत ‘खंबीर राहा’ एवढेच ऐकवले जाते. वसतिगृहात जातीवरून टोमणे सोसणारा विद्यार्थी खचला, तर तो कमकुवत नसतो. त्याच्या दुःखाला सामाजिक कारण आहे. त्या अन्यायाविरुद्ध लढायचे आणि त्याच्यावर उपचारही करायचे. एकासाठी दुसरे टाळता येत नाही.

अंगुत्तर निकायात शरीराचा रोग आणि मनाचा रोग असे दोन रोग सांगितले आहेत. पती, मुले, आईवडील गमावून भान हरपलेल्या पटाचाराला लोकांनी हुसकावले. तथागतांनी मात्र तिला जवळ येऊ दिले, तिच्याशी बोलले, अशी कथा अट्ठकथेत आहे. पुढे ती विनयात अग्रगण्य भिक्खुणी झाली.

तरीही ध्यान हे औषधाला पर्याय नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांच्या शिबिराकडे उपचार म्हणून पाहू नये, असे विपश्यना केंद्रांची नियमावलीच सांगते. डॉक्टरांना न विचारता कोणाच्याही गोळ्या बंद करू नका.

आपण काय करू शकतो?

- ‘वेडा’ न म्हणता ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ म्हणा.
- विहारातील कार्यक्रमांत वर्षातून एकदा तरी मनोविकारतज्ज्ञांना बोलवा.
- टेलि-मानस 14416 हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक विहाराच्या फलकावर लावा. येथे मराठीतही बोलता येते.
- कोणी मरणाची भाषा करत असेल, तर ती धमकी समजू नका. त्याला एकटे सोडू नका, सोबत दवाखान्यात जा.
- जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग कोणत्या दिवशी सुरू असतो, याची माहिती घेऊन ठेवा. पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.