मोकळ्या टाचेची गोष्ट

बर्फाच्या उतारावरून घसरत येण्याचा स्की हा खेळ आपल्याकडे फार थोड्यांनी खेळलेला असला, तरी चित्रपटांतून आणि छायाचित्रांतून तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. दोन्ही पायांना लांब, अरुंद, टोकाशी वर वळलेल्या पट्ट्या, हातांत दोन काठ्या, आणि पांढऱ्याशुभ्र डोंगरावरून नागमोडी वळणे घेत माणूस खाली येतो आहे. या चित्रात एक बारकावा असा आहे, की तो पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. त्या माणसाच्या बुटाची टाच पट्टीला जखडलेली आहे, की मोकळी आहे? आज मला जी हकिगत सांगायची आहे, ती सगळी या एका टाचेभोवती फिरते.

समजा, एक गृहस्थ आहेत. आल्प्सच्या उतारांवर त्यांची वीस हिवाळ्यांची तालीम झालेली आहे. कितीही उभा कडा असो, कितीही टणक बर्फ असो, ते सहज उतरून येतात. स्कीच्या या प्रकाराला ‘अल्पाइन’ म्हणतात, आणि त्यात टाच पक्की जखडलेली असते. एके दिवशी हौस म्हणून ते दुसऱ्या प्रकारचे बूट-पट्ट्या चढवतात. हा प्रकार नॉर्वेतल्या टेलेमार्क प्रांताचा, नावही तेच. यात फक्त चवडा बांधलेला, टाच मोकळी. गृहस्थ नेहमीच्या सवयीने नडगी पुढे रेटतात, आणि पहिल्याच वळणाला तोंडघशी पडतात! नवशिक्यांच्या उतारावर, लहान पोरांच्या देखत! वीस वर्षांची विद्या गेली कुठे?

गेली कुठेच नाही. तीच तर आड आली. जखडलेल्या टाचेच्या माणसाला पुढे कितीही झुकता येते, कारण मागून पट्टी त्याला धरून ठेवते. हळूहळू तो त्या आधारावर इतका विसंबतो, की तो आधार आहे हेच विसरतो. टाच सोडली, की मागून धरणारे कोणी नाही. आता तोल राखायचा तो दोन्ही पाय मागेपुढे करून. डावीकडे वळायचे तर उजवा पाय पुढे सरकतो, डावा मागे जातो, मागच्या पायाची टाच उचलली जाते आणि गुडघा खाली वाकतो. आपल्याकडे मूर्तींत जे वीरासन दिसते, साधारण तसे. दोन पट्ट्या मिळून जणू एकच लांब, वाकडी पट्टी होते आणि तिच्या कमानीवरून माणूस वळतो. पुढचे वळण उजवीकडचे. लगेच पाय बदलायचे. गुडघे टेकणे म्हणजे शरण जाणे, असे आपली भाषा म्हणते. इथे मात्र गुडघा वाकवला नाही, तर बर्फ खाली लोळवतो.

ही रीत आली कुठून? दक्षिण नॉर्वेत, टेलेमार्क प्रांतात, मॉर्गेदाल नावाची एक खोरी आहे. तिथे १८२५ साली सोंद्रे नॉरहाइम हा माणूस जन्मला. स्वतःची शेती नाही, दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर झोपडी बांधून राहणारे गरीब कूळ. काम कमी आणि उतारावरून उड्या मारण्याचा नाद जास्त, असा त्याचा लौकिक. त्या काळी स्की हे खेळाचे साधन नव्हे, हिवाळ्यात चालायचे जोडे होते. पट्टीवर चामड्याचा वा दोरीचा एक फास, त्यात चवडा अडकवायचा, बस्स. सपाटीवर हे ठीक. पण उतारावर पाय त्यातून निसटायचा, आणि उडी मारली तर माणूस एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे. म्हणून उतरताना लोक एक दांडकी काठी बर्फात घासत, तिचा लगाम करून येत.

सोंद्रेने झाडाच्या ओल्या, लवचीक काटक्या पिळून त्यांचा एक वेढा केला आणि तो टाचेमागून फिरवून बांधला. टाच वर उचलता येई, पण पाय निसटत नसे. पट्टीला मध्यभागी कमरेसारखी बारीक करून टोकांशी रुंद ठेवली, की ती कलती करताच आपोआप वळणावर जाते, हेही त्याने आपल्या पट्ट्यांत साधले. हे सगळे त्या एकट्याच्या डोक्यातून निघाले, असे मॉर्गेदालचे अभिमानी लोक सांगतात. ते मला पटत नाही. बारीक कमरेच्या पट्ट्या त्या मुलखात आधीही होत्या. पण सगळे एकत्र आणून त्यावर कसब उभे केले ते याने, हे निर्विवाद.

इथेच एक गंमत आहे. पाहा हं. ‘मोकळी टाच’ हे ज्यांचे ब्रीद, ते सगळे या सोंद्रेला आपला मूळपुरुष मानतात. पण सोंद्रेने केले काय? त्याने टाच बांधली! निदान अर्धी बांधली. टाच पूर्ण मोकळी होती तोवर वळण साधतच नव्हते. तेव्हा खरा प्रश्न टाच बांधावी की सोडावी असा कधीच नव्हता; किती बांधावी, हा होता. पुढची दीडशे वर्षे याच प्रश्नाची आहेत.

१८६८ साली राजधानी ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, स्कीच्या शर्यती झाल्या. सोंद्रे तेव्हा बेचाळीस वर्षांचा. तो घरून स्कीवरूनच तीन दिवस चालत गेला अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडून दिली, तरी त्याने ती शर्यत जिंकली हे खरे. हातात लगामाची काठी नाही, आणि खाली येऊन एका झोकदार वळणात थांबतो, हे पाहून शहरचे लोक थक्क झाले. पुढे मॉर्गेदालच्याच मिक्केल आणि टोर्युस हेम्मेस्टवाइट या भावांनी १८८० नंतर राजधानीत ही विद्या शिकवायला सुरुवात केली. एक पाय पुढे टाकून घ्यायच्या वळणाला ‘टेलेमार्क’ म्हणू लागले, आणि दोन्ही पाय जुळवून झटक्यात घ्यायच्या वळणाला ‘ख्रिस्तियानिया’. ‘स्लालोम’ हा आज जगभर चालणारा शब्दही मॉर्गेदालच्याच बोलीतला. ‘स्ला’ म्हणजे उतार आणि ‘लोम’ म्हणजे वाट.

सोंद्रे स्वतः मात्र गरीबच राहिला. १८८४ साली, साठीच्या उंबरठ्यावर, तो बायकोमुलांसह अमेरिकेला गेला. आधी मिनेसोटा, मग डाकोटाचे माळरान. १८९७ मध्ये तो तिथेच वारला, आणि कित्येक वर्षे त्याच्या कबरीवर साधा दगडही नव्हता.

आता मुलूख बदलतो. नॉर्वेचा संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन याने १८८८ साली स्कीवरून ग्रीनलंड पार केले. त्याचे प्रवासवर्णन जर्मन भाषेत गेले आणि मध्य युरोपात स्कीचे वेड शिरले. व्हिएन्नाजवळच्या लिलियनफेल्ड गावचे माथियास झ्दार्स्की हे त्या वाचकांपैकी एक. त्यांनी नॉर्वेहून पट्ट्या मागवल्या आणि घरामागच्या उतारावर उभे राहिले. पण तो उतार उभा, झाडीचा, अडचणीचा. टेलेमार्कच्या गोल टेकड्या नव्हेत. झ्दार्स्कींनी पट्ट्या आखूड केल्या, पायासाठी धातूची जोडणी स्वतः घडवली आणि १८९६ च्या सुमारास आपल्या पद्धतीचे पुस्तकही काढले. यावर नॉर्वेच्या भक्तांत आणि लिलियनफेल्डच्या शिष्यांत वर्षानुवर्षे जुंपली. आमची विद्या खरी, तुमची भेसळ! आपल्याकडे घराण्यांचे वाद ऐकलेल्यांना हे नवे वाटायचे नाही.

यानंतर आल्प्समध्ये टाच हळूहळू आवळत गेली. सांक्ट आन्टोन गावच्या हानेस श्नायडर यांनी शिकवण्याला शिस्त आणली आणि टेलेमार्क वळण मागे पडले. १९२६ च्या सुमारास साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेट्नर यांनी पट्टीला पोलादी कडा लावल्या. मग आली ‘कंदाहार’ नावाची जोडणी. पोलादी तारेचा एक वेढा टाचेमागून जाई आणि बाजूच्या आकड्यांत अडकवला, की टाच खाली दाबून धरी.

कंदाहार? स्वित्झर्लंडच्या बर्फात अफगाणिस्तानचे नाव कसे आले? १८८० च्या जुलैत मैवंद येथे इंग्रजांचा पराभव झाला, आणि त्यात आपल्या मुंबई इलाख्याच्या पलटणींची भयंकर कत्तल झाली. उरलेले सैन्य कंदाहारात कोंडले गेले. जनरल रॉबर्ट्स यांनी काबूलहून कूच करून त्याची सुटका केली आणि पुढे ते ‘कंदाहारचे लॉर्ड रॉबर्ट्स’ झाले. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये उतारावरच्या शर्यतीसाठी त्यांच्या नावाचा चषक ठेवला गेला. ती शर्यत भरवणारे आर्नल्ड लन यांचा जन्म १८८८ साली आपल्या मद्रासेतला. वडील तिथे मिशनरी होते. याच लन यांनी १९२२ साली म्यूरेन येथे आधुनिक स्लालोम शर्यत आखली. त्यांच्या मंडळाचे नाव कंदाहार, आणि तेच नाव एका स्विस कारागिराने आपल्या जोडणीला दिले. असा हा प्रवास! शब्द मॉर्गेदालचा, नाव कंदाहारचे, आणि खेळ आल्प्सचा.

शेवटचा घाव यंत्राने घातला. १९३४ च्या नाताळात दावोस येथे माणसांना उतारावर ओढून नेणारा दोर सुरू झाला. तोवर टाच मोकळी ठेवण्याचे एक सबळ कारण होते: उतरण्याआधी चढावे लागे, आणि टाच उचलल्याशिवाय चढता येत नाही. यंत्र चढवून देऊ लागल्यावर ते कारण संपले. टेलेमार्क वळण एवढे विस्मरणात गेले, की त्याची खूण उरली ती मुख्यतः स्कीच्या उड्यांत. तिथे आजही जमिनीवर एक पाय पुढे टाकून उतरावे लागते, त्याला टेलेमार्कच म्हणतात, आणि पंच त्याचे गुण पाहतात. १९५२ च्या ऑस्लो येथील हिवाळी ऑलिंपिकची ज्योत सोंद्रेच्या घराच्या चुलीत पेटवली आणि स्कीवरून पाळीपाळीने राजधानीला नेली. शेवटचा ज्योतवाहक नान्सेनचा नातू होता. मानसन्मान सगळा मोकळ्या टाचेच्या पूर्वजांना. पण त्याच सोहळ्यात जायंट स्लालोम शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या नॉर्वेच्या स्टाइन एरिक्सन यांची टाच पक्की बांधलेली होती.

आणि मग १९७० नंतर अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूट या जुन्या खाणगावात, ही विद्या पुन्हा जिवंत झाली. कोणी केली? नवशिक्यांनी नव्हे. उतारांवर पहारा करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या, अल्पाइनमध्ये मुरलेल्या तरुणांनी. त्यांना यंत्राच्या रांगांचा कंटाळा आला होता. पलीकडच्या, दोर नसलेल्या डोंगरांवर जायचे होते. चालण्यासाठी त्यांनी सपाटीवरच्या हलक्या पट्ट्या आणि चामडी बूट घेतले. बुटाच्या चोचीला तीन भोके, जोडणीला तीन खिळे. या जोडणीचा मूळ नमुना १९२७ चा. नॉर्वेच्या ब्रोर विथ यांचा. तिचे नाव ‘रॉटेफेल्ला’, म्हणजे उंदरांचा सापळा. चढणे साधले. पण उतरायचे कसे? मऊ बूट आणि सुटी टाच घेऊन अल्पाइनचे वळण घेतले, की आपटलेच. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचे, आजोबांच्या पुस्तकातले ते वळण त्यांना नाइलाजाने शिकावे लागले.

त्यांना आलेली अडचण प्रत्येक अल्पाइनवाल्याला येते. त्याच्या अंगात मुरलेले असते, की वळणात भार बाहेरच्या पायावर द्यावा. टेलेमार्कमध्ये बाहेरचा पाय पुढे असतो; तो सगळा भार त्यावर टाकतो आणि मागचा पाय शेपटीसारखा ओढत नेतो. दिसायला वीरासन दिसते, पण मागच्या पट्टीवर वजनच नाही. बर्फात बारीकसा खड्डा आला, की ती भरकटते. निम्मा भार मागच्या पायाच्या चवड्यावर, करंगळीच्या बाजूने, द्यायला शिकणे हेच खरे शिकणे. ही बाजू त्याने आयुष्यात कधी वापरलेली नसते. सुदैवाने सगळेच विसरावे लागत नाही. पट्टीची कड बर्फात कशी रुतवावी, छाती दरीकडे ठेवून कमरेखालून कसे वळावे, उताराचे भय कसे आवरावे, हे जुने भांडवल कामी येते. म्हणून तो नवशिक्यापेक्षा लवकर शिकतो. मात्र पहिले काही दिवस नवशिक्यापेक्षा वाईट पडतो, कारण नवशिका तेवढ्या वेगाने जातच नाही.

१९९० नंतर प्लास्टिकचे ताठ बूट आले आणि टाचेला मागून ओढून धरणाऱ्या जोरदार स्प्रिंगा आल्या. जुन्या चामडी बुटांचे भक्त कुरकुरले, की ही कसली मोकळी टाच! मला मात्र ती कुरकुर ऐकून सोंद्रेच्या पिळलेल्या काटक्या आठवतात. स्प्रिंग तरी दुसरे काय करते?

खरा पेच निराळाच आहे. चढताना टाच सुटी आणि उतरताना जखडलेली, अशी हलकी जोडणी १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रियात निघाली आणि पुढे तिचा सर्वत्र प्रसार झाला. म्हणजे डोंगर चढून उतरण्यासाठी आता टेलेमार्कची गरज उरली नाही. ज्या निकडीने कोलोरॅडोच्या तरुणांनी ते शिकून घेतले, ती निकडच गेली. तरीही तरबेज माणसे पहिल्या दिवशी पोरांच्या देखत पडायला तयार होतात. घोडागाडीची गरज गेली, पण घोड्यावर बसायची हौस गेली नाही, तसेच म्हणा ना.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९९५ साली टेलेमार्कला स्पर्धेचा दर्जा दिला; ऑलिंपिकमध्ये मात्र त्याला अजून प्रवेश नाही. या शर्यतीत दारे ओलांडायची असतात, एक उडी असते, गोल गिरकीचे वळण असते, शेवटी सपाटीवर पाय मारत धावायचे असते. आणि कडेने पंच उभे असतात. ते वेग पाहत नाहीत, ते पाय पाहतात. मागची टाच उचललेली आहे का? दोन पावलांत पुरेसे अंतर आहे का? नसेल, तर त्या वळणापोटी घड्याळात एक सेकंद दंड चढतो.