अतिडावे (भारतीय राजकारण)

अतिडावे : संसदीय मार्ग तत्त्वतः नाकारणारे डाव्या चळवळीतील प्रवाह. ही व्याख्या सर्वमान्य नाही. आर्थिक मागणी जितकी जहाल तितका पक्ष डावीकडे, अशी मोजणी रूढ आहे. भारतातील अनुभव मात्र तिला दुजोरा देत नाही. जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालणारा कायदा महाराष्ट्रात १९६१ मध्ये काँग्रेसच्या सरकारने केला. उलट, ‘जनता लोकशाही क्रांती’ हे उद्दिष्ट कार्यक्रमात बाळगूनही मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने १९७७ पासून सलग ३४ वर्षे निवडणुका जिंकून पश्चिम बंगालमध्ये आघाडीचे सरकार चालवले. पश्चिम बंगालमधील नक्षलबारीचा १९६७ चा शेतकरी उठाव तर निर्णायक उदाहरण ठरावा. बंडखोर किसान कार्यकर्ते याच पक्षाचे होते आणि राज्याचे जमीन महसूल खातेही याच पक्षाच्या हरेकृष्ण कोनार यांच्याकडे होते. भूमिहीनाला जमीन मिळावी, याबद्दल दोघांत वाद नव्हता. वाद होता तो ती सरकारकरवी मिळवायची की सरकार उलथून, एवढाच. आणि त्यातूनच १९६९ मध्ये चारू मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली मार्क्सवादी-लेनिनवादी पक्ष वेगळा झाला.

मार्ग हाच निकष मानला तर विचारसरणीला किंमत उरत नाही, असा आक्षेप घेतला जातो. पण संसदेला भांडवलदारांचे साधन मानणे ही स्वतःच एक विचारसरणी आहे. शस्त्र हा तिचा एक परिणाम, तोही अटळ नव्हे. पक्ष बदलतात हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तेलंगणात सशस्त्र लढा देणारा कम्युनिस्ट पक्ष १९५१ मध्ये तो मागे घेऊन पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उतरला आणि लोकसभेत काँग्रेसखालोखाल मोठा ठरला. मजुमदारांचा वारसा सांगणाऱ्या ‘लिबरेशन’ गटाने २०२० मध्ये बिहार विधानसभेच्या १२ जागा जिंकल्या. म्हणून ‘अतिडावे’ हे विशेषण पक्षाच्या नावाला कायमचे न चिकटवता त्याच्या त्या काळातील भूमिकेला लावणेच योग्य. २००४ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००९ मध्ये बंदी आलेल्या माओवादी पक्षाला ते निर्विवाद लागू पडत होते.

शासनाची भाषा इतकी काटेकोर नसते. महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये संमत केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकात ‘कडव्या डाव्या विचारसरणी’च्या संघटनांसोबत ‘तत्सम’ संघटनाही आल्या. कडवेपणा विचारात शोधायचा की कृतीत, हा प्रश्न या एका शब्दाने मोकळाच सोडला. विरोधकांचा मुख्य आक्षेपही या संदिग्धतेवरच होता.