सनरूफच्या पन्हळीची कुळकथा

पावसाळा लागला की गॅरेजांत एक तक्रार ठरलेली असते: सनरूफमधून पाणी येतंय, रबर बदलून द्या. नवं रबर बसतं, गिऱ्हाईक गाडी घेऊन जातं आणि पुढच्या मोठ्या सरीत पायाखालचं कार्पेट पुन्हा ओलं होतं. सगळंच्या सगळं पाणी अडवणं हे सनरूफच्या रबराचं काम कधी नव्हतंच. थोडं पाणी आत उतरणार, हे बनवणाऱ्यांनी पहिल्यापासून गृहीत धरलंय. आत उतरलेलं पाणी कोणत्या वाटेने बाहेर काढायचं याची जी व्यवस्था काचेच्या कडेखाली लपलेली असते, तिच्यावर सनरूफचं सगळं भवितव्य अवलंबून आहे. आणि ती व्यवस्था काचेपेक्षा वयाने बरीच मोठी आहे.

सुरुवातीच्या मोटारींना पक्का टप नव्हताच. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दहांतल्या नऊ मोटारी उघड्या होत्या. पाऊस आला की कापडी हूड ओढायचं आणि भिजत भिजत घर गाठायचं. बंद गाडी ही श्रीमंतांची चैन होती. हडसन कंपनीने १९२२ मध्ये एसेक्स कोच ही स्वस्त बंद गाडी काढली आणि पारडं फिरलं. विसाचं दशक संपेपर्यंत बंद गाड्यांनी उघड्यांना जवळपास हद्दपार केलं.

पण या बंद गाड्यांचा टपसुद्धा पुरता बंद नव्हता. अख्खा टप एका तुकड्यात होईल इतका रुंद पोलादी पत्रा आणि तो दाबून घडवणारे तेवढे मोठे प्रेस तेव्हा नव्हते. म्हणून कडेला पत्रा, आत लाकडी सांगाडा आणि मधल्या मोठ्या चौकोनावर जलरोधक लेप दिलेलं कापड ताणून बसवलेलं, अशी रचना असे. उन्हाने लेप तडकायचा, शिवणीतून पाणी झिरपायचं, आतलं लाकूड कुजायचं. जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांवर ‘टरेट टॉप’ नावाचा एकसंध पोलादी टप आणला तेव्हा कुठे मोटारीच्या डोक्यावर सलग पत्रा आला. मला या इतिहासातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की इतक्या खटपटीने बुजवलेलं ते भोक अवघ्या दोन वर्षांत लोकांनी हौसेने परत पाडून घेतलं. केनोशा, विस्कॉन्सिनच्या नॅश मोटर्सने १९३७ मध्ये आपल्या बंद गाड्यांना कारखान्यातूनच बसवून मिळणारा सरकता टप दिला. मागे सरकणारा तो भाग पत्र्याचा होता. काच अजून दूर होती.

युरोपात हा खटाटोप आधीच सुरू झाला होता. इंग्लंडमध्ये पिचली या कंपनीने १९२५ मध्ये सरकता टप आणला. जर्मनीत गोल्डे आणि वेबास्टो या दोन कंपन्यांनी घडी होत मागे जाणाऱ्या कापडी टपांचा धंदा वाढवला. वेबास्टो १९०१ मध्ये विल्हेल्म बायर यांनी एसलिंगेनला काढली आणि पुढे म्युनिकजवळच्या श्टॉकडॉर्फला नेली. आज सनरूफ बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत तिची गणना होते आणि पुण्यातही तिचं काम चालतं. ऊन दुर्मीळ असलेल्या देशांत ही हौस का फोफावली हे समजण्यासारखं आहे. वर्षातले मोजके उबदार दिवस त्यांना डोक्यावर घ्यायचे होते. पण पाऊस मात्र त्या देशांत बारमाही, म्हणून टपाला भोक पाडणाऱ्या प्रत्येक कारागिराला पहिल्या दिवसापासून पाण्याचा विचार करावाच लागला.

तो विचार असा. दाराचं रबर घट्ट बसतं, कारण कुलूप दाराला जोराने आत ओढून रबरावर दाबून धरतं. टपावरच्या झाकणाला सरकायचं असतं. ते रबरावर तितक्याच जोराने दाबलं तर दरवेळी घासून रबर फाटेल आणि ते सरकवायला प्रचंड जोर लागेल. म्हणून तिथलं रबर हलकंच टेकवतात. बऱ्याच गाड्यांत त्याच्या पृष्ठभागावर मखमलीसारखी लव असते, ती सहज सरकण्यासाठीच. अशा सांध्यातून पाणी उतरणारच. म्हणून झाकणाच्या कडेखाली चारही बाजूंनी पन्हळ फिरवायची, कोपऱ्यांना भोकं ठेवायची, भोकांना नळ्या जोडायच्या आणि त्या नळ्या गाडीच्या खांबांच्या पोकळीतून खाली उतरवून चाकाच्या वर, दाराच्या बिजागरीजवळ किंवा मागच्या बंपरच्या आत मोकळ्या सोडायच्या. कोकणातल्या घरात दोन उतरणी एकत्र येतात तिथे कोणी सांधा लिंपत बसत नाही. खाली पन्हळ घालतो आणि पाणी अंगणात नेऊन सोडतो. मोटारीच्या टपात त्याच शहाणपणाने काम केलं आहे. फोक्सवॅगनने १९६३ मध्ये बीटलचा घडीचा कापडी टप बंद करून हॅंडल फिरवून सरकवायचा पत्र्याचा टप दिला, त्यातही पन्हळ होती आणि खांबांतून उतरणाऱ्या नळ्याही. साठ वर्षांनंतर आजच्या गाडीचं अस्तर काढून पाहिलं तर मोटर, केबल, सेन्सर नवे दिसतील. पाण्याची वाट मात्र तीच.

अमेरिकेत नॅशनंतर ही हौस मंदावली होती. ती पुन्हा पेटवली एका जर्मन तरुणाने. हाइन्झ प्रेख्टर १९६३ मध्ये शिकायला म्हणून अमेरिकेत आला आणि दोनच वर्षांत लॉस एंजेलिसमध्ये त्याने अमेरिकन सनरूफ कंपनी उभी केली. लोक नवीकोरी गाडी घेऊन त्याच्याकडे येत आणि तो करवतीने तिचा टप कापी! पुढे डेट्रॉइटच्या बड्या कंपन्याच त्याच्याकडून काम करून घेऊ लागल्या.

काचेची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. १९५४ मध्ये फोर्डच्या क्रेस्टलाइन स्कायलाइनर आणि मर्क्युरीच्या सन व्हॅली या गाड्यांच्या टपात पुढच्या सीटवर हिरवट, पारदर्शक ॲक्रिलिकचा तक्ता बसवला होता. तो उघडत नसे आणि उन्हात आतली माणसं भाजून निघत. तो प्रयोग फार टिकला नाही. सरकणारी खरी काच १९७३ मध्ये लिंकन कॉन्टिनेंटल मार्क ४ वर आली. ती आली तेव्हा डोक्यावर ठेवण्याजोगी काच तयार होती, आणि त्या काचेचा इतिहास तीनशे वर्षांचा आहे.

प्रिन्स रूपर्टने १६६० च्या सुमारास इंग्लंडच्या दरबारात काचेचे शेपटीवाले थेंब आणले. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की तो असा घट्ट होतो की डोक्यावर हातोडी मारली तरी फुटत नाही. पण शेपटीचं टोक मोडलं की क्षणात सगळ्याची भुकटी. रॉबर्ट हुकने १६६५ च्या आपल्या ‘मायक्रोग्राफिया’त याचा अभ्यास मांडला. कारण असं: बाहेरचा थर आधी गार होऊन घट्ट होतो, आतला नंतर आकसतो आणि बाहेरच्याला आत ओढून धरतो. पृष्ठभाग कायम दाबाखाली, गाभा कायम ताणाखाली. फ्रान्सच्या द ला बास्ती यांनी १८७४ मध्ये तापलेली काच तेलाच्या कढईत बुडवून हाच गुण भांड्यांत आणण्याचं पेटंट घेतलं. आज आपण टफन म्हणतो ती काच सहाशे अंशांच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारून तयार होते. ही काच पुण्याशेजारी बनते. सें-गोबां सेकुरिटचे कारखाने चाकणला आणि भोसरीला आहेत. चाकणहून तळेगाव फार दूर नाही, जिथे १९०८ मध्ये लोकांच्या एकेका पैशातून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तिथे कंदिलाच्या चिमण्या करायला शिकलेल्या पोरांच्या मुलखात आज मोटारीच्या काचा घडतात, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

रूपर्टच्या थेंबाचा स्वभाव सनरूफच्या काचेने पुरेपूर उचललेला आहे. मधोमध आदळलेला आंबा ती सोसते. कडेला लागलेली बारीकशी खडी मात्र तिचा ताणाखालचा गाभा उघडा पाडते, आणि मग सगळी काच एकदम बारीक, बोथट खड्यांत कोसळते. कधी कधी असा घाव लागल्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या उन्हात गाडी नुसती उभी असताना ती फुटते आणि मालकाला वाटतं, आपोआप फुटली. अशा काचेचा तडा बुजवणं ही दुरुस्तीच नाही. ती एकदा टफन झाली की कापताही येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून मापाने कापून आणणं अशक्य. त्या मॉडेलसाठी घडवलेली, कडेला रबर ओतून बसवलेली काचच आणावी लागते. मोठ्या पॅनोरमिक टपांत काही कंपन्या लॅमिनेटेड काच वापरतात. ती फुटली तरी मधल्या पडद्याला चिकटून राहते, डोक्यावर पडत नाही. शक्य असेल तिथे मी तीच पसंत करीन.

काच बदलताना घाई होते ती नेमकी चुकीच्या ठिकाणी. जुनी काच चार किंवा सहा स्क्रूंनी दोन्ही बाजूंच्या हातांवर धरलेली असते. ते सोडवून नवी बसवणं हे अर्ध्या तासाचं काम वाटतं. पण फुटलेल्या काचेचे खडे आतापर्यंत रेलमध्ये, केबलच्या खोबणीत आणि पन्हळीत जाऊन बसलेले असतात. व्हॅक्यूमने ते शेवटच्या खड्यापर्यंत काढल्याशिवाय नवी काच चढवू नये. रेलमधला एक खडा केबल अडकवतो. पन्हळीतला खडा नळीच्या तोंडाशी जातो आणि त्यावर धूळ साचून बूच तयार होतं. काच नवीन आणि गळती त्याच आठवड्यात, असं घडतं ते यामुळे.

मग सेटिंग. स्क्रू आधी सैल ठेवून काच बंद करायची, चारही बाजूंची फट सारखी करायची आणि उंची जुळवायची: पुढची कड टपाच्या पातळीत किंवा किंचित खाली, मागची कड पातळीत किंवा किंचित वर. पुढची कड वर राहिली तर वारा तिच्यावर आपटून शिट्टी वाजते आणि हायवेच्या वेगात पाणी आत ढकललं जातं. फरक एखाद्या मिलीमीटरचा असतो. स्क्रू कंपनीने सांगितलेल्या जोरानेच आवळायचे आणि शेवटी मोटर रीसेट करायची, म्हणजे काच कुठे थांबायची ते तिला पुन्हा कळतं.

चिकटवलेल्या, न उघडणाऱ्या काचेचं प्रकरण निराळं. तिथे पन्हळीची मदत नसते. पॉलियुरेथेनचा सलग थर हाच सगळा आधार. जुना थर नीट न छाटता, प्रायमर न लावता नवा चढवला तर पाणी हमखास शिरतं. चिकट थर वाळेपर्यंत गाडी हलवू नये, आणि दारं आपटू नयेत, कारण आतल्या हवेचा दाब ओल्या सांध्यावर येतो.

गळतीचा शोध घेताना आधी एसी तपासावा. पाऊस नसताना एसी चालवल्यावर पुढचं कार्पेट ओलं होत असेल तर दोष एसीच्या पाण्याच्या नळीत आहे. पाऊस पडून गेल्यावर खांबाच्या आवरणावर, टपाच्या अस्तराच्या कडेला डाग दिसत असेल तर पन्हळ किंवा तिच्या नळ्या. आपल्याकडे या नळ्यांचे वैरी झाडांवरून पडतात. गुलमोहराची पानं इतकी बारीक असतात की पन्हळीच्या भोकात बरोबर बसतात, आणि गुलमोहर फुलून झडतो तो नेमका पावसाच्या तोंडावर. त्यात धूळ मिसळली की दोन सरींत चिखल. काही गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला चिरेचं रबरी तोंड असतं, तेही चिकटून बंद होतं. उतारावर नाक खाली करून उभ्या केलेल्या गाडीत सगळं पाणी पुढच्या दोन नळ्यांवर येतं, आणि तिथे ते अडलं की पायाजवळच्या वायरिंगपर्यंत पोचतं. कार्पेटखालचा फोम पाणी धरून ठेवतो. वरून कोरडं वाटलं तरी कुबट वास राहतो, आतला पत्रा गंजत राहतो.

नळी मोकळी करायला मऊ नायलॉनची जाड दोरी सावकाश सरकवावी. कॉम्प्रेसरचा झोत मारण्याचा मोह पुष्कळ मेकॅनिकांना होतो. त्याने नळी वरच्या तोंडावरून निसटते आणि मग पाणी थेट खांबाच्या आत पडू लागतं, जिथे ते आधी पडत नव्हतं. अस्तर उतरवायची वेळ आलीच तर टपाच्या कडेने जाणाऱ्या एअरबॅगमुळे बॅटरी काढून, जाणकाराकडूनच ते काम करून घ्यावं. आणि काचेच्या फटीत सिलिकॉन भरून ‘सील’ करून देणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणावं. त्याने टप उघडत नाही, तरी पाणी बारीक चिरेतून उतरायचं थांबत नाही, आणि पुढची खरी दुरुस्ती दुप्पट कठीण होते.

पहिल्या पावसाआधी काच उघडून पन्हळ ओल्या फडक्याने पुसावी आणि चारही कोपऱ्यांत पेलाभर पाणी धीम्या धारेने सोडावं. ज्याच्या त्याच्या नळीतून ते थोड्याच वेळात गाडीखाली बाहेर पडताना दिसलं पाहिजे. एक जरी कोपरा तुंबून राहिला, तर ती नळी मोकळी होईपर्यंत गाडी छपराखालीच उभी करावी.