चिंच, नवसागर आणि तेजाब : केजच्या तांबेकामाचा हिशेब

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात तांबे, कथील व शिसे यांची नोंद आहे. केजच्या दक्षिणेचे तेर, म्हणजे त्या काळचे तगर, भडोचशी व्यापार करी हेही त्यात आहे. आपल्या ज्ञातीची वंशावळ तेथवर नेण्याचा मोह आम्ही आवरतो. परंतु या प्रांतात तांबे दुरून विकत घ्यावे लागे, म्हणून त्याचा कीसही वाया जाऊ न देणे ही कासार-तांबटांची जुनी शिस्त होय.

ठोक्यांनी पत्रा कठीण होतो, तो तापवून नरम करावा लागतो, आणि तापविताच त्यावर काळे पूट चढते. ते काढावयास आमच्या वडीलधाऱ्यांपाशी चिंच व मीठ होते. चिंच स्वस्त, हातांस निर्धोक. मात्र भांडे तासन्‌तास भिजत पडे. कल्हईस नवसागर लागे. तो तापून निघणारी वाफ तांब्यावरील मळ खाते, म्हणूनच कथील धरते. त्यास पर्याय चिंचेत नाही. धूर मात्र कल्हईवाल्याच्या छातीत जाई.

पुढे तेजाब आला व वेळ वाचला. येथे दोन तेजाबांत भेद केला पाहिजे. पाण्यात सोडलेला सौम्य गंधकाचा तेजाब पूट विरघळवितो, खालच्या धातूस फारसा शिवत नाही. शोऱ्याचा तेजाब झळाळी देतो खरी, पण तांबेच खातो, आणि त्याचा तांबूस धूर घातकी. आमच्या एका आप्तांनी तो बंद खोलीत वापरला. सायंकाळी किरकोळ खोकला, पहाटे श्वास कोंडला. ते वाचले, पण पुन्हा भात्यावर बसले नाहीत. घरच्या वहीत तेजाबाची किंमत लिहिलेली होती. हा खर्च कोठेही मांडलेला नव्हता.

दुसरा खर्च पाण्याचा. गंधकाच्या तेजाबाचे वापरलेले पाणी निळे होते, कारण त्यात मोरचूद असते. त्यात जुने लोखंडी खिळे टाकले तर विरघळलेले तांबे खिळ्यांवर परत बसते. ज्यांनी कीसही जपला त्यांस हे जड नव्हते; एक मातीची कुंडी आणि आठवडाभराची सबुरी पुरली असती. पण स्टीलची भांडी बाजारात आल्यावर सबुरी कोणापाशीच उरली नाही, आणि ते निळे पाणी आडाच्या बाजूस ओतले गेले.