नकाशाची चाळणी

सप्टेंबर १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये ‘एलिट’ हा संगणकीय खेळ विक्रीस आला. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी तो रचला होता. खेळाडूने १०० क्रेडिट भांडवलावर अंतराळात व्यापार करायचा! संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. तीत ८ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ तारे. ते साठवलेले नव्हतेच. तीन बीजसंख्यांपासून प्रत्येक ताऱ्याचे नाव, स्थान आणि अर्थव्यवस्था संगणक गणिताने काढी.

एवढ्या ठिपक्यांतून व्यापारमार्ग कसा शोधायचा? भरल्या टाकीवर यान ७ प्रकाशवर्षे जाई. नकाशावर तेवढे वर्तुळ दिसे. ही पहिली चाळणी. आतल्या ग्रहांपैकी शेतीप्रधान कोणते, उद्योगप्रधान कोणते, हे खेळाडू एकेक करून पाही. ही दुसरी. शेतीप्रधान ग्रहावर अन्न स्वस्त, उद्योगप्रधान ग्रहावर संगणक स्वस्त. अशी जोडी सापडली की यान जाताना भरलेले आणि येतानाही भरलेले!

२०१४ च्या ‘एलिट डेंजरस’मध्ये सुमारे ४०० अब्ज तारे आले. एकेक पाहणे अशक्यच. म्हणून चाळण्या नकाशातच बसवल्या. अर्थव्यवस्था निवडा, तसे तारे उठून दिसतात. ताऱ्यांचे ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हे वर्ग निवडले, की वाटेत इंधन कुठे घेता येईल ते कळते. मात्र काय शोधायचे, हे खेळाडूनेच ठरवायचे असते.

आपल्या शालेय नकाशासंग्रहातले पर्जन्य, पिके, लोहमार्ग यांचे नकाशे म्हणजे अशाच चाळण्या. तो उघडण्यापूर्वी वर्गात विचारून पाहा : कापूस कुठून कुठे जाईल? कोणती पाने लागतील, ते मुलेच सांगतील.