लाल ट्रामचा डबा

मोडीत निघालेल्या गाडीस इतिहास उरत नाहीं, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेंत लॉस एंजेलिसला लागून असलेल्या वेस्ट हॉलिवुडमधील ‘फॉर्मोसा कॅफे’ हें उपाहारगृह मात्र तो खोटा ठरवितें. १९०४ सालीं बांधलेल्या लाल ट्रामच्या एका डब्यांत जिमी बर्नस्टीन ह्या माजी मुष्टियोद्ध्यानें तें थाटलें. १९४५ मध्यें लेम क्वॉन हा चिनी आचारी त्याचा भागीदार झाला. समोरच चित्रपटांचा स्टुडिओ असल्यामुळें नटनट्यांची तेथें वर्दळ असे. त्यांच्या स्वाक्षरीचीं छायाचित्रें भिंतींवर झळकत. १९६१ सालीं लाल ट्राम कायमच्या थांबल्या; डबा मात्र राहिला.

१९९१ च्या सुमारास तें पाडण्याचा घाट घातला गेला, तेव्हां नागरिकांनीं चळवळ करून तें वांचविलें. दुसरें संकट घरांतूनच आलें. २०१५ मध्यें जुनी सजावट काढून भिंतींस नवा रंग देण्यांत आला, आणि नित्याचीं गिऱ्हाइकें हळहळलीं. वास्तु उभी होती, आठवण पुसली गेली होती. २०१६ च्या अखेरीस दारें मिटलीं. पुढें नव्या चालकांनीं जुनें रूप परत आणलें. डब्यासाठीं दीड लाख डॉलरांचें अनुदान मिळालें, आणि जून २०१९ मध्यें तेथें पुन्हा पानें मांडलीं गेलीं. भिंती राखल्या म्हणजे वास्तु राखली, असें होत नाहीं. तींतील ओळखीच्या खुणाही राखाव्या लागतात.