न्हाण, फडके आणि पाकीट

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील गेवराई तालुका इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असतो तो मुख्यतः राक्षसभुवनामुळे. 1763 च्या ऑगस्टात थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा तेथे जो पराभव केला, त्याची हकीकत सविस्तर उपलब्ध आहे. पुढे आसफजाही अमलात या मुलखाच्या पिकापाण्याचे हिशेब महसुली दफ्तरांत उतरत गेले. परंतु याच काळ्या जमिनीतला कापूस लुगडे होऊन, विटून, विरून अखेरीस ज्या फडक्याच्या रूपाने घरातील प्रत्येक स्त्रीला महिन्यातले चार दिवस उपयोगी पडे, त्या फडक्याची नोंद ठेवण्याचे कोणत्याही कारकुनास कधी कारण पडले नाही.

नोंद नव्हती ती फडक्याची. प्रसंगाची मात्र दवंडीच पिटली जाई. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होण्याच्या काळात तिला पहिले न्हाण आले म्हणजे सासरी-माहेरी साखर वाटली जाई, सुवासिनी तिला मखरात बसवीत, ऐपतीप्रमाणे वाजंत्री लागे आणि शास्त्राला धरून वागणाऱ्या घरांत त्यानंतर गर्भाधानाचा मुहूर्त पाहिला जाई. 1891 साली ब्रिटिश सरकारने संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा पुण्यात जो गदारोळ झाला आणि टिळकांनी ज्या कायद्याला कडाडून विरोध केला, त्या वादाच्या मुळाशी हाच विधी होता. गेवराई निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो कायदा येथे लागू झाला नाही. साऱ्या गावाला कळलेल्या त्या दिवसात एक गोष्ट तेवढी त्या पोरीला कोणी नीट सांगत नसे, ती म्हणजे फडके कसे घ्यावे. ते सासूने किंवा थोरल्या जावेने कोपऱ्यात नेऊन दोन वाक्यांत उरकायचे.

विटाळाच्या कल्पनेला या भूमीत कधी विरोधच झाला नाही, असे मात्र कोणी समजू नये. याच तालुक्यातील पांचाळेश्वर हे महानुभावांचे आत्मतीर्थ. त्या पंथाच्या चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात, देहाच्या अन्य स्रावांसारखाच हाही एक स्राव असून त्याचा विटाळ धरू नये, असे आपल्या शिष्यांना सांगितल्याचे लीळाचरित्रावरून कळते. पुढच्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईंनी देहाच्या विटाळाविषयी जो रोकडा प्रश्न विचारला, तोही आपण भक्तिभावाने म्हणतो. म्हणतो आणि बाजूला बसवतो. मराठी माणसाची ही हातोटी जुनी आहे.

फडक्याचेही एक शास्त्र होते, आणि ते आजच्या पांढरपेशा वाचकाला वाटते तितके गबाळे नव्हते. नव्या कापडाला खळ असते, ते टोचते आणि ओल शोषीत नाही. म्हणून चांगले दहा-बारा पावसाळे पाहिलेले लुगडे किंवा धोतर फाडून त्याच्या घड्या करीत आणि कमरेच्या नाडीला लंगोटासारख्या अडकवीत. धुताना आधी गार पाणी, कारण ऊन पाण्याने डाग पक्का बसतो, मग साबण, मग कडक ऊन. यातली शेवटची पायरीच बहुधा चुके. पुरुषांच्या नजरेस पडू नये म्हणून ते फडके गोठ्यात, नाहीतर वाळत घातलेल्या दुसऱ्या धडुत्याखाली दडपले जाई, दमट राही आणि दुखण्याला निमंत्रण देई. त्यातच 1972 सारखे दुष्काळी वर्ष उगवले, पिण्याच्या घागरीसाठी मैलभर चालावे लागले, म्हणजे फडके धुण्यास पाणी कोठून येणार? लोकलज्जेइतकीच पाण्याची टंचाईही या इतिहासाची सूत्रधार आहे, आणि माझ्या मते लोकलज्जेपेक्षा थोडी अधिकच.

त्याच सुमारास आणखी एक बदल मुकाट्याने घडला. सुती लुगडे मागे पडून नायलॉन-टेरिलीनची पातळे बाजारात आली. ती धुवायला सोपी, टिकायला चिवट, परंतु जुनी झाली तरी ओल शोषण्याच्या कामी निरुपयोगी. घराघरांतून फडक्याचा साठाच आटला. शहरांत तयार पॅडची पाकिटे तोवर विकली जाऊ लागली होती. पहिल्या महायुद्धातील जखमांवर बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून केलेला एक कापूससदृश पदार्थ अमेरिकेत शिल्लक उरला आणि 1920 पासून कोटेक्स या नावाने तो स्त्रियांना विकला गेला, हा त्यांचा पूर्वेतिहास. आजही बहुतेक पॅडच्या पोटात मुख्यतः लगदा आणि ओल धरणारी रासायनिक भुकटी असते. कापूस पिकवणाऱ्या तालुक्याने लाकडाचा लगदा विकत घ्यावा, हा व्यापाराचा विनोद जाताजाता नोंदवून ठेवतो.

पॅडला लागणारी पहिली वस्तू म्हणजे चड्डी. नऊवारीतील आजीला तिची गरज नव्हती. त्यामुळे नातीला शिकवण्याजोगे आजीपाशी काही उरले नाही, आणि चिकट बाजू खाली, पंख मुडपून कापडाखाली, चार-सहा तासांनी बदलणे हा पाठ मैत्रिणीने, शिक्षिकेने किंवा पाकिटावरील चित्राने द्यावा अशी वेळ आली. सरकारही उतरले: 8 मार्च 2018 रोजी सुरू झालेल्या राज्याच्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅड पाच रुपयांत, बचत गटांमार्फत, मिळावेत असे ठरले, त्याच वर्षीच्या जुलैत पॅडवरील बारा टक्के जीएसटी रद्द झाला. अशा रीतीने चित्र नेमके उलटले. पूर्वी न्हाण जाहीर होते आणि फडके गुप्त. आता पाकिटाची जाहिरात टीव्हीवर घरादारासमोर लागते, मात्र मुलीला पाळी आल्याचे घरात कुजबुजून सांगतात आणि औषधाच्या दुकानात तेच पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीतून हाती ठेवले जाते.

परंतु शाळेत नसलेल्या मुलीचे काय? दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून हजारो जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि सोबत गेलेल्या मुलींना पहिली पाळी येते ती फडाशेजारच्या कोपीत, जेथे न्हाणीघर नाही, संडास नाही आणि वापरलेले पॅड टाकण्यास उसाच्या सरीखेरीज जागा नाही. तेथे फडके की पॅड हा प्रश्न आवडीचा राहत नाही. पहाटे फडात उतरलेल्या बाईला मोळी बांधण्यातून आणि गाडी भरण्यातून उसंत नसते. दोन्ही साधने तिच्यापाशी असली तरी बदलणार कोठे आणि केव्हा? खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीच मिटवून टाकण्यासाठी गर्भाची पिशवी काढण्याचा मार्ग या जिल्ह्यातील बायकांनी का पत्करला, याचे बरेचसे उत्तर या हिशेबात आहे. या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. प्रशासनाने त्यानंतर अशा शस्त्रक्रियांवर नियंत्रण आणले. खाड्याचा हिशेब मात्र मुकादमाच्या वहीत, त्याच्याच हाती राहिला.